वाचकांचे प्रश्न : पर्यटन व्यवसायासाठी डिजिटल सेवा उभारताना

पर्यटनासाठीच्या डिजिटल सेवांविषयी आलेल्या पत्रांना या अंकात उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांत निवासव्यवस्था चालवणारे, संग्रहालयात काम करणारे, मार्गदर्शक आणि प्रोग्रॅमर असे सगळेच आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत. अमुक कंपनीचे सॉफ्टवेअर घ्यावे की तमुक कंपनीचे, एवढ्यापुरते मर्यादित असलेले प्रश्न मात्र वगळले आहेत.

प्रश्न : आमची बारा खोल्यांची निवासव्यवस्था आहे. स्वतःचे मोबाइल अ‍ॅप असल्याशिवाय यापुढे निभाव लागणार नाही, असे एक सॉफ्टवेअर कंपनी सांगते आहे. अ‍ॅप करून घ्यावे का?

उत्तर : करून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पर्यटक आपल्याकडे एकदा येतो, फार तर काही वर्षांनी पुन्हा येतो. दोन रात्रींच्या मुक्कामासाठी अ‍ॅप उतरवून घेणे, त्यात खाते उघडणे आणि मागेल त्या परवानग्या देणे हा खटाटोप तो करत नाही. ज्यांचे ग्राहक पुन्हा पुन्हा त्याच सेवेकडे वळतात अशा विमान कंपन्यांना किंवा मोठ्या हॉटेल-साखळ्यांना अ‍ॅपचा खर्च परवडतो. आपल्याला मोबाइलवर झटकन उघडणारे संकेतस्थळ, त्यावर रिकाम्या खोल्या दाखवून आरक्षण घेणारे बुकिंग इंजिन आणि वेळेवर फोन उचलणारा माणूस एवढे पुरेसे आहे.

मात्र त्याआधी एका प्रश्नाचा निकाल लावावा लागेल : कोणत्या रात्री कोणती खोली रिकामी आहे, याची अधिकृत नोंद आपल्याकडे नेमकी कोठे आहे? स्वागतकक्षातल्या वहीत एक, मालकाच्या फोनमधल्या संदेशांत दुसरी आणि बुकिंग संकेतस्थळावर तिसरी अशी परिस्थिती असेल, तर कितीही देखणे अ‍ॅप केले तरी त्यातून चौथी नोंद तयार होईल, इतकेच. पर्यटनातल्या संगणकीकरणाची सुरुवातच या अडचणीतून झाली. १९५० च्या दशकात विमानाच्या प्रत्येक उड्डाणाचे कार्ड फिरत्या मांडणीत ठेवलेले असे आणि जागा शिल्लक आहे की नाही, हे कर्मचारी ते कार्ड हुडकून सांगत. अमेरिकन एअरलाइन्सने आयबीएमच्या साहाय्याने ‘सेबर’ ही प्रणाली १९६० मध्ये सुरू केली आणि १९६४ पर्यंत आपले सर्व आरक्षण तिच्यावर आणले. त्यामुळे वेगवेगळ्या शहरांतल्या कार्यालयांना एकच नोंद दिसू लागली. १९८७ मध्ये एअर फ्रान्स, लुफ्तान्सा, आयबेरिया आणि एसएएस या विमान कंपन्यांनी मिळून ‘अमेडियस’ या आरक्षण-प्रणालीची स्थापना केली, तीही अनेक कंपन्यांच्या जागा ट्रॅव्हल एजंटांना एकाच ठिकाणी पाहता याव्यात म्हणून. पुढे जून २००८ पासून आयाटा या विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या व्यवस्थेत कागदी तिकिटे देणे बंद झाले, तेव्हापासून प्रवाशाच्या हातातला कागद ही नुसती प्रत उरली आहे. खरे तिकीट विमान कंपनीच्या डेटाबेसमध्ये असते. बारा खोल्यांच्या व्यवसायालाही एवढीच शिस्त हवी : नोंद एक, आणि बाकी सर्व ठिकाणी तिचे प्रतिबिंब.

प्रश्न : आम्ही दोन बुकिंग संकेतस्थळांवर आहोत आणि दोन्हींची कॅलेंडरे एकमेकांना जोडलेली आहेत. तरीही गर्दीच्या काळात एकच खोली दोघांना दिली जाते. दोष कोठे आहे? (आरक्षण-प्रणाली लिहिताना कोणती काळजी घ्यावी, असे एका प्रोग्रॅमर वाचकानेही विचारले आहे. त्यांनाही हेच उत्तर उपयोगी पडेल.)

उत्तर : कॅलेंडर ‘जोडले’ म्हणजे एकीकडे झालेले आरक्षण दुसरीकडे ताबडतोब दिसते, हा समज बरोबर नाही. ही जोडणी बहुतेक वेळा आयकॅल पद्धतीच्या फाइलींमार्फत होते. प्रत्येक संकेतस्थळ आपल्या आरक्षणांची एक फाइल ठेवते आणि दुसरे संकेतस्थळ ती अधूनमधून, कधी कधी काही तासांच्या अंतराने, वाचून नेते. एरवी हे अंतर खपून जाते. सुट्ट्यांच्या तोंडावर मात्र दोन आरक्षणे त्या अंतरात सहज बसतात. यावर उपाय म्हणजे चॅनल मॅनेजर. ही प्रणाली मध्यभागी बसते, एका ठिकाणी खोली गेली की बाकी सर्व संकेतस्थळांना स्वतःहून तसे कळवते, आणि हे कळवणे काही सेकंदांत होते. तरीही शेवटची एकच खोली उरली असेल, तर ती एका संकेतस्थळापुरती ठेवून इतरत्र बंद करणे शहाणपणाचे ठरते. विमान कंपन्या न येणाऱ्या प्रवाशांचा अंदाज बांधून जाणूनबुजून जादा जागा विकतात, पण त्यांच्याकडे पुढचे विमान असते; रात्री उशिरा सामान घेऊन दारात उभ्या असलेल्या कुटुंबाला देण्यासाठी आपल्याकडे पुढची खोली नसते.

दुसरा दोष याच फाइलींमध्ये लपलेला असतो आणि तो सहसा ध्यानात येत नाही. आयकॅलच्या प्रमाणकात, म्हणजे २००९ च्या आरएफसी ५५४५ या इंटरनेटच्या प्रमाणक दस्तऐवजात, नोंदीची अखेरची तारीख त्या नोंदीत मोजली जात नाही. पाहुणा १४ तारखेला येऊन १६ तारखेला जाणार असेल, तर फाइलीत सुरुवात १४ आणि अखेर १६ असे लिहिले जाते, पण खोली व्यापली जाते ती १४ आणि १५ या दोनच रात्री. एखाद्या प्रोग्रॅमरने १६ ही तारीखही व्यापलेली धरली, तर ती रात्र विक्रीतून निघून जाते. दुहेरी आरक्षण झाले की आरडाओरडा होतो; अशी रात्र मात्र मुकाट्याने रिकामी राहते, कारण न आलेला पाहुणा तक्रार करत नाही. आपल्या कॅलेंडरमध्ये एका पाहुण्याच्या जाण्याच्या दिवशी दुसऱ्याला येता येते का, हे आजच एक खोटे आरक्षण करून तपासून पाहावे.

प्रोग्रॅमर वाचकासाठी थोडे सविस्तर लिहितो. निवासाच्या विक्रीचे एकक दिवस नसून रात्र आहे, हे डेटाबेसच्या रचनेतच उतरले पाहिजे. एकसारख्या खोल्या असतील तर खोलीचा प्रकार आणि रात्र यांच्या प्रत्येक जोडीसाठी शिल्लक संख्या ठेवावी, आणि ती शून्याखाली जाऊ नये असे बंधन डेटाबेसवरच घालावे. खोली ठरावीक असेल, तर पोस्टग्रेसक्यूएलसारख्या डेटाबेसमध्ये एकमेकांवर चढणारे तारखांचे पट्टे नाकारणारे बंधन घालता येते. ‘आधी शिल्लक पाहा, मग नोंद करा’ असा क्रम नुसत्या प्रोग्रॅममध्ये लिहिला, तर पाहणे आणि नोंदवणे यांच्या मध्ये दुसरे आरक्षण घुसते. चाचणी एकटा माणूस करत असल्याने ही चूक चाचणीत दिसत नाही. ‘आज’ म्हणजे कोणता दिवस, हेही ठिकाणाच्या स्थानिक वेळेनुसार ठरवावे. सर्व्हरचे घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर चालत असेल, तर मध्यरात्रीच्या आसपास घेतलेली आरक्षणे चुकीच्या तारखेला जाऊन पडतात.

पैशांच्या बाबतीत तर अधिकच सावध असावे. ग्राहक रक्कम भरत असताना खोली दहा-पंधरा मिनिटे राखून ठेवावी लागते. ती मुदत संपल्यानंतर पैसे आल्याचा निरोप आला तर काय करायचे, याचे उत्तर आधीच लिहिलेले असावे : खोली अजून रिकामी असेल तर आरक्षण पक्के करावे, नसेल तर रक्कम आपोआप परत पाठवावी आणि तसा संदेश त्याच क्षणी जावा. ग्राहकाचा ब्राउझर ‘पैसे भरले’ या पानावर पोहोचला म्हणून आरक्षण पक्के करू नये. पेमेंट गेटवेकडून (ऑनलाइन रक्कम स्वीकारणाऱ्या सेवेकडून) थेट आपल्या सर्व्हरला येणारा निरोप, म्हणजे वेबहुक, त्याची सही तपासून मगच ग्राह्य धरावा, आणि तोच निरोप दोनदा आला तरी आरक्षण एकच राहील अशी व्यवस्था करावी. नेटवर्क रेंगाळले की लोक बटण पुन्हा दाबतात. त्याची शिक्षा त्यांच्या बँक खात्याला होता कामा नये. शेवटचे म्हणजे, आरक्षण रद्द करण्याच्या ज्या अटी ग्राहकाने मान्य केल्या, त्या त्याच्या नोंदीसोबत जशाच्या तशा साठवाव्यात. नुसता नियमाच्या पानाचा दुवा साठवला आणि पुढे ते पान बदलले, तर वाद झाल्यावर दाखवायला हाती काहीच उरत नाही.

प्रश्न : बुकिंग संकेतस्थळांचे कमिशन जड जाते. त्यांच्यावरून नाव काढून फक्त स्वतःच्या संकेतस्थळावर आरक्षण घेतले तर?

उत्तर : आज तसे केले तर बहुधा खोल्या रिकाम्या राहतील. बुकिंग डॉट कॉम आणि एक्स्पीडिया या दोन्ही सेवा १९९६ मध्ये सुरू झाल्या. अनोळखी ठिकाणी निवास शोधताना तेथूनच सुरुवात करण्याची सवय लोकांना तेव्हापासून लागत गेली आहे. कमिशन हा नव्या ग्राहकापर्यंत पोहोचण्याचा खर्च मानावा, आणि एकदा येऊन गेलेला पाहुणा दुसऱ्यांदा थेट येईल याची तजवीज करावी. त्यासाठी स्वतःच्या संकेतस्थळावर कमी दर ठेवता येतो का, हे करारात पाहावे. ‘दरसमानते’च्या कलमांनी अशी सवलत पूर्वी सर्रास अडवली जाई. युरोपीय महासंघात ही कलमे आता मागे पडली आहेत : मे २०२४ मध्ये युरोपीय आयोगाने बुकिंग डॉट कॉमला डिजिटल बाजारपेठ कायद्याखाली ‘गेटकीपर’, म्हणजे बाजाराचा दरवाजा हाती असलेली मोठी सेवा, ठरवले, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये युरोपीय न्यायालयाने अशी कलमे या व्यवसायासाठी अपरिहार्य नाहीत असा निर्वाळा दिला. इतर देशांत स्थिती वेगवेगळी आहे, तेव्हा आपला करार वाचल्याशिवाय दर बदलू नयेत.

प्रश्न : मी एका ऐतिहासिक परिसरासाठी आणि त्याभोवतीच्या पायवाटांसाठी मार्गदर्शक अ‍ॅप लिहीत आहे. तेथे मोबाइलला रेंज नसते. नकाशा आणि ध्वनिमाहिती कशी द्यावी?

उत्तर : अ‍ॅप करण्याचे समर्थ कारण असलेली जी थोडी उदाहरणे आहेत, त्यांत हे बसते, कारण येथे फोनवर आधीच काहीतरी साठवून ठेवण्याची खरोखर गरज आहे. इंटरनेट नसले तरी जीपीएस चालते. फोन उपग्रहांचे संकेत थेट घेतो, फक्त पहिल्यांदा ठिकाण सापडायला अधिक वेळ लागतो. अडचण असते ती नकाशाच्या चित्राची. २००४ मध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप प्रकल्पाची माहिती खुल्या परवान्याखाली मिळते आणि पायवाटांच्या बाबतीत ती पुष्कळदा इतर नकाशांहून सरस असते; मात्र योगदानकर्त्यांचा उल्लेख नकाशावर करावा लागतो. त्या प्रकल्पाच्या सर्व्हरवरून नकाशाचे तुकडे घाऊक प्रमाणात उतरवून अ‍ॅपमध्ये भरणे त्यांच्या नियमांत बसत नाही. मूळ माहिती घेऊन आपल्या परिसरापुरता व्हेक्टर, म्हणजे चित्राऐवजी रेषा-बिंदूंच्या स्वरूपात साठवलेला, नकाशा स्वतः तयार करावा. त्याचा आकार आटोपशीर राहतो. वाटेची रेषा प्रत्यक्ष चालून नोंदवलेली असावी. दोन खुणांमध्ये सरळ रेघ ओढून ‘वाट’ दाखवणारी अ‍ॅपे मी पाहिली आहेत, आणि डोंगरात तशी रेघ कड्यावरूनही जाऊ शकते.

ध्वनिफिती साध्या मोनो स्वरूपात आणि निवेदनाला पुरेल इतक्याच दर्जात ठेवाव्यात, म्हणजे पर्यटकाला मुक्कामाच्या ठिकाणच्या वायफायवर सगळा संच लवकर उतरवून घेता येतो. जीपीएस सतत चालू ठेवले की दुपारपर्यंत बॅटरी संपते, आणि बॅटरी संपलेल्या फोनवर परतीची वाटही दिसत नाही. म्हणून पडदा बंद असताना ठिकाण तपासण्याचे काम विरळ करावे. इमारतींच्या आत जीपीएस भरवशाचे नसते. तेथे महागड्या ब्लूटूथ खुणा बसवण्याऐवजी प्रत्येक वस्तूपाशी ठळक क्रमांकाची पाटी लावावी आणि तो क्रमांक अ‍ॅपमध्ये टाकता यावा. या उपायाला ना वीज लागते, ना दुरुस्ती.

आपल्या पत्रात एका गोष्टीचा उल्लेख नाही, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते : माहिती जुनी झाल्यावर ती कोण बदलणार? उघडण्याच्या वेळा, सुटीचा वार, डागडुजीसाठी बंद असलेला भाग, पावसाळ्यात बंद होणारी वाट या गोष्टी ध्वनिफितीत बोलूच नयेत, कारण फीत पुन्हा ध्वनिमुद्रित करणे कोणाच्याही हातून वेळेवर होत नाही. त्या वेगळ्या छोट्या फाइलीत ठेवाव्यात, रेंज मिळताच अ‍ॅपने ती फाइल ताजी करून घ्यावी, आणि प्रत्येक नोंदीखाली ती शेवटची कधी तपासली ती तारीख पर्यटकाला दिसावी. हीच माहिती परिसराच्या संकेतस्थळावर स्कीमा डॉट ऑर्गच्या रचनेत लिहिली, तर शोधयंत्रांनाही ती नेमकी वाचता येते. ही रचना २०११ मध्ये गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि याहू यांनी एकत्र येऊन आणली, ती अशाच उपयोगांसाठी.

प्रश्न : आमच्या संग्रहालयात गर्दी फार होते. वेळ ठरवून प्रवेश देणारी ऑनलाइन तिकिटे सुरू करण्याचा विचार आहे. कोठून सुरुवात करावी?

उत्तर : सॉफ्टवेअरच्या आधी दोन आकडे हवेत : एका वेळी आत किती माणसे सुखाने मावतात आणि एक माणूस सरासरी किती वेळ थांबतो. समजा, दालनांत १२० माणसे मावतात आणि प्रत्येक जण सुमारे ४० मिनिटे थांबतो. मग मिनिटाला तिघांना आत सोडता येते आणि २० मिनिटांच्या एका वेळेसाठी ६० तिकिटे निघतात. प्रत्यक्षात लोक वेळ सुरू होताच एकदम येतात आणि काही जण आत बराच वेळ रेंगाळतात, म्हणून सुरुवात ४५ ते ५० तिकिटांनी करावी आणि दरवाजावरची मोजणी पाहून संख्या वाढवावी. स्पेनमधील ग्रनाडा येथील अल्हाम्ब्रा या ऐतिहासिक राजवाडा-संकुलामध्ये नासरी राजवाड्यांत शिरण्याची वेळ तिकिटावर छापलेली असते आणि तिकीट व्यक्तीच्या नावाने निघते. बाकी परिसर मात्र मोकळेपणाने पाहता येतो. ही विभागणी मला अनुकरणीय वाटते. जेथे खरोखर कोंडी होते तेवढ्याच भागाला वेळेचे बंधन घातले की उशिरा आलेल्या माणसाचा सगळा दिवस वाया जात नाही.

दरवाजावर क्यूआर संकेत वाचणारे यंत्र इंटरनेट गेले तरी चालले पाहिजे. संकेतात तिकिटाचा क्रमांक, तारीख आणि वेळ यांवर डिजिटल सही असेल, तर यंत्राला सर्व्हरला न विचारताही तिकीट अस्सल आहे की नाही ते कळते. पण तेच तिकीट कोणी आधी वापरले आहे का, हे सहीवरून कळत नाही. तिकिटाचे छायाचित्र दोघांच्या फोनवर असू शकते. म्हणून दोन दरवाजे असतील, तर ते निदान आपसांत स्थानिक जाळ्याने जोडलेले असावेत. प्रत्येक वेळेतली काही तिकिटे खिडकीवर विकण्यासाठी राखून ठेवावीत, आणि खिडकीवरची विक्रीही त्याच प्रणालीतून व्हावी. स्मार्टफोन नसलेल्या माणसाला प्रवेश नाकारणारी व्यवस्था सार्वजनिक संस्थेला शोभत नाही. २०२४ मध्ये व्हेनिसने दिवसभरापुरत्या येणाऱ्यांसाठी ऑनलाइन नोंदणी आणि क्यूआर संकेत यांवर आधारित प्रवेशशुल्क सुरू केले. त्याने गर्दी कितपत घटली यावर वाद झाला, पण कोणत्या दिवशी किती लोक येऊ पाहतात हे शहराला आधी कळू लागले. आपल्याही बाबतीत या नोंदींचा उपयोग कर्मचाऱ्यांच्या पाळ्या लावण्यासाठी होईल.

प्रश्न : पर्यटकांच्या चौकशीला चोवीस तास उत्तरे देण्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा चॅटबॉट बसवावा, असे आमच्या संचालकांना वाटते. त्यात धोका आहे का?

उत्तर : धोका आहे, आणि तो कोणाच्या माथी येतो हेही आता स्पष्ट झाले आहे. एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरील चॅटबॉटने एका प्रवाशाला सांगितले की, नातलगाच्या निधनानिमित्त मिळणारी सवलत प्रवासानंतरही मागता येईल. कंपनीचा प्रत्यक्ष नियम तसा नव्हता आणि तो त्याच संकेतस्थळावर दुसऱ्या पानावर लिहिलेला होता. प्रकरण कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या दिवाणी तक्रार न्यायाधिकरणापुढे गेले, तेव्हा चॅटबॉट ही जणू वेगळी व्यक्ती असून तिच्या बोलण्याला आपण जबाबदार नाही, अशा धर्तीचा बचाव कंपनीने केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायाधिकरणाने तो फेटाळला आणि प्रवाशाला भरपाई देवविली. संकेतस्थळावरचे पान असो की चॅटबॉट, दोन्ही ठिकाणच्या माहितीची जबाबदारी कंपनीचीच, हे त्या निकालाचे सार आहे.

तेव्हा चॅटबॉट बसवायचा असल्यास खोल्यांची उपलब्धता, दर आणि रद्द करण्याच्या अटी यांची उत्तरे त्याने स्वतः रचू नयेत; ती आरक्षणाच्या मूळ नोंदीतून उचलून जशीच्या तशी दाखवावीत. परिसरात काय पाहावे, स्थानकावरून कसे यावे अशा गप्पा त्याने खुशाल माराव्यात. माणसाशी बोलण्याचा मार्ग पहिल्याच पडद्यावर असावा आणि प्रत्येक संभाषणाची नोंद राहावी. ती नोंद आठवड्यातून एकदा कोणीतरी वाचलीच पाहिजे. चॅटबॉटचे उत्तर चुकले हे त्यावरून कळतेच, शिवाय संकेतस्थळावर काय लिहायचे राहून गेले आहे हेही लोकांच्या प्रश्नांवरून समजते.

प्रश्न : आमच्या बुकिंगच्या अर्जात दिव्यांग पर्यटकांसाठी काय असावे? आणि परदेशी पाहुण्यांची नावे अर्जात नीट बसत नाहीत, त्याचे काय करावे?

उत्तर : ‘दिव्यांगस्नेही’ असे नुसते लिहून काहीच कळत नाही. दाराची रुंदी, प्रवेशाशी किती पायऱ्या आहेत, न्हाणीघरात आधाराची दांडी आहे का, लिफ्टचे दार किती रुंद आहे, हे आकड्यांत आणि छायाचित्रांसह द्यावे. चाकाची खुर्ची आत जाईल की नाही ते त्या माणसाला स्वतः ठरवता येते. अर्ज डब्ल्यूसीएजी या सुलभता-निकषांवर तपासून घ्यावा, त्यांची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. सर्वाधिक त्रास तारीख निवडण्याच्या छोट्या कॅलेंडरचा होतो. स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर) वापरणाऱ्याला त्यात चाचपडावे लागते, म्हणून तारीख कळफलकावरून लिहिण्याची सोय असलीच पाहिजे.

नावासाठी एकच लांब रकाना ठेवावा. जगात अनेकांना आडनाव नसते, आणि तो रकाना सक्तीचा केला की लोक त्यात टिंब किंवा तेच नाव पुन्हा लिहितात. मग पारपत्राशी मेळ बसत नाही. पारपत्राच्या यंत्रवाचनीय पट्टीत नावासाठी ३९ अक्षरांचीच जागा असते, त्यामुळे तेथे नाव तुटलेले असू शकते. ओळख पटवताना ही शक्यता कर्मचाऱ्यांना माहीत असावी.

प्रश्न : पाहुण्यांच्या पारपत्रांच्या आणि ओळखपत्रांच्या प्रती आम्ही संगणकात ठेवतो. किती काळ ठेवाव्यात?

उत्तर : कायद्याने जितका काळ ठेवणे बंधनकारक आहे तितकाच, त्यापुढे एक दिवसही नाही. मॅरियट या हॉटेल-साखळीने नोव्हेंबर २०१८ मध्ये जाहीर केले की, स्टारवुड हॉटेलांच्या आरक्षण-डेटाबेसमध्ये २०१४ पासून अनधिकृत शिरकाव झालेला होता. मॅरियटने स्टारवुड विकत घेतले ते २०१६ मध्ये, म्हणजे हा प्रकार खरेदीच्या आधीपासून चालू होता आणि कोणाच्या लक्षात आला नव्हता. ५० लाखांहून अधिक पारपत्र क्रमांक तेथे कूटबद्ध न करता साठवलेले होते. ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी २०२० मध्ये या प्रकरणी १.८४ कोटी पौंडांचा दंड केला. जी माहिती साठवलेलीच नाही ती चोरीला जाऊ शकत नाही. मुदत संपलेल्या प्रती आपोआप पुसल्या जातील अशी व्यवस्था करावी आणि बॅकअपमध्येही ती लागू आहे ना, हे पाहावे. कार्डाच्या मागच्या बाजूचा तीन आकडी क्रमांक व्यवहार मंजूर झाल्यावर साठवण्यास पीसीआय या कार्ड-सुरक्षेच्या प्रमाणकाची सक्त मनाई आहे; फोनवर तो विचारून वहीत टिपून ठेवण्याची पद्धत काही ठिकाणी अजून दिसते, ती ताबडतोब बंद करावी.

प्रश्न : संकेतस्थळ आणि आरक्षण-प्रणाली बाहेरच्या संस्थेकडून करून घेत आहोत. करारात काय पाहावे?

उत्तर : डोमेन नाव आणि पेमेंट गेटवेचे खाते आपल्याच नावावर असावे, विकसकाच्या नावावर असेल तर भांडण झाल्याच्या दिवशी व्यवसाय त्याच्या हाती जातो. सर्व आरक्षणे, ग्राहकांची माहिती आणि दर कधीही साध्या सीएसव्ही फाइलीत उतरवून घेता यावेत, आणि ते प्रत्यक्ष उतरवून दाखवल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये. दर बदलणे, खोली दुरुस्तीसाठी बंद करणे, सुटीच्या वेळा लिहिणे ही कामे आपल्या कर्मचाऱ्याला विकसकाला फोन न करता करता आली पाहिजेत. प्रणाली ताब्यात घेताना ही तिन्ही कामे स्वागतकक्षात नव्याने रुजू झालेल्या माणसाकडून करवून घ्यावीत, आणि तो जेथे अडेल ते दुरुस्त करणे करारातल्या कामाचाच भाग धरावा.